मिलिंद आणि अस्मितेचे घर

अस्मितेच्या शोधास प्रथम हक्काचे स्थान लागते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे ‘मिलिंद’ या नावाने ख्यातनाम झाले. तेथे अध्यापन करणाऱ्या म. ना. वानखडे यांनी अमेरिकेहून परतल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांच्या नियतकालिकाने तर ‘अस्मितादर्श’ हेच नाव धारण केले.

अमेरिकेत हा शोध अद्याप संपलेला नाही. जस्टिन सिमियन यांच्या २०१४ सालच्या पहिल्याच चित्रपटात, ‘डिअर व्हाइट पीपल’ या उपहासप्रधान विनोदी कृतीत, गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थी आपले वसतिगृह टिकविण्यासाठी झगडतात. हसू ओसरल्यावर प्रश्न उरतो तो हाच : हक्काच्या घराविना ‘मी कोण?’ हे निर्भयपणे विचारावे तरी कोठे?