खुद्री : मुळा-मुठेने नाव दिलेला मासा

१/ पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून चाकणकडे निघाले की इंद्रायणीचा पूल लागतो. पुढे आळंदीच्या घाटाशी या नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण बातम्यांतून अनेकदा पाहिला आहे. मात्र याच भीमा खोऱ्यातील एका माशाचे मराठी नाव १८३९ पासून जगभरच्या प्राणिशास्त्रात लॅटिन वेशात वावरते आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या माशाची, त्याला गळाला लावणाऱ्यांची आणि त्याला वाचवणाऱ्यांची ही कथा. धागा थोडा मोठा आहे.

२/ हा मासा म्हणजे दख्खनचा महसीर, मराठीत खडशी. शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. रोहू-कटल्याच्या कुळातला, मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा. परांवर निळसर झाक. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खडीच्या पात्रात अंडी घालतो. महसीर गळाला लागला की पहिल्याच धावेत कित्येक वाव दोर ओढून नेतो. त्याची कीर्ती झाली ती या धावेमुळे.

३/ मासा पोटासाठी न धरता खेळासाठी धरण्याची जगात मोठी परंपरा आहे. बहामा बेटांभोवतीच्या गुडघाभर समुद्रात 'बोनफिश' नावाचा अतिशय काटेरी मासा असतो. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी, म्हणजे 'फ्लाय', त्याच्यापुढे अलगद टाकायची, त्याची सुसाट धाव अनुभवायची आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, एवढ्यासाठी लोक दूरदेशीहून तेथे जातात. भारतात हा मान महसीरला मिळाला. पण खेळ म्हणून मासा धरण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल.

४/ बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ परिचित आहे. राजाने कोणत्या विनोदांत काळ घालवावा याचे त्यात सविस्तर वर्णन असून 'मत्स्यविनोद' हे त्यातलेच एक प्रकरण. नदीतल्या व समुद्रातल्या माशांच्या जाती, कोणत्या माशाला काय चारावे, दोर कसा असावा, गळ कसा टाकावा, हे सारे त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले.

५/ राजाचा विनोद एकीकडे, तर नदीकाठच्या माणसाची श्रद्धा दुसरीकडे. देहू आणि आळंदी येथे इंद्रायणीच्या डोहांतले मासे देवाचे मानले गेले. त्यांना कुणी धरीत नसे, उलट भाविक खाऊ घालीत. वैतरणेवरील तिळसे आणि महाड तालुक्यातील वाळण कोंड येथेही महसीरांना असेच अभय आहे. 'अभयारण्य' हा शब्द सरकारी कागदांवर येण्यापूर्वीची ही अभयस्थाने. भोई समाजाची जाळी डोहाच्या वर आणि खाली पडत; डोह मात्र सुटत असे. माशाला पैदाशीसाठी एखादी सुरक्षित जागा लागते, हे व्यावहारिक शहाणपण त्या श्रद्धेत आपोआप सामावले होते.

६/ आता नावाची गोष्ट. पेशवाई संपून थोडीच वर्षे लोटली होती. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. शेतसारा, जमीनधारा, लोकसंख्या आणि हवामान यांच्याबरोबर त्याने पक्षी आणि मासेही टिपले. १८३१ मध्ये तो भारतातून परतला. दख्खनच्या माशांवरील त्याचे वर्णन १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापून आले. त्यात पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेला एक महसीर होता. साइक्सने त्याचे नाव ठेवले 'खुद्री'.

७/ काही माशांना साइक्सने आपल्या युरोपीय परिचितांची नावे दिली, तो तेव्हाचा रिवाजच होता. पण कित्येक माशांसाठी त्याने नदीकाठच्या लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला : खुद्री, कोलुस, बोगट, फुलंगी, टाकरी. आज जपानमधला वा ब्राझीलमधला मत्स्यतज्ज्ञ ही नावे उच्चारतो तेव्हा, नकळत का होईना, तो दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाचाच शब्द उच्चारत असतो. ज्यांनी हे शब्द सांगितले त्यांची स्वतःची नावे मात्र कुठेही नोंदलेली नाहीत. वसाहतकालीन ज्ञाननिर्मितीचा हा नेहमीचा नमुना आहे.

८/ पुढे महसीर हा साहेबांच्या हौशीचा विषय झाला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरहून प्रसिद्ध झाले आणि हौशी गळवाल्यांचे ते पाठ्यपुस्तकच बनले. काठी केवढी, रीळ कसे, चमचा लावावा की माशी, पाणी कधी निवळते, याची तपशीलवार चर्चा त्यात आहे. इंग्लंडमध्ये सॅमनला जे स्थान, तेच येथे महसीरला देण्याची त्या पिढीची वृत्ती त्यात स्पष्ट दिसते.

९/ या मंडळींच्या हौशीतून एक गोष्ट मात्र सार्वजनिक झाली. नद्यांतील मासे कमी होत आहेत, हे थॉमस आणि फ्रान्सिस डे यांच्यासारख्यांनी सरकारदरबारी मांडले. अखेरीस १८९७ चा भारतीय मत्स्योद्योग कायदा आला. मासे मारण्याच्या 'हेतूने' पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष, चुना अथवा अपायकारक द्रव्य टाकणे हा गुन्हा ठरला. 'हेतूने' हा शब्द लक्षात ठेवा. डोहात विष कालवणाऱ्या माणसाचा हेतू सिद्ध करता येतो. पण ज्या नाल्यात लाखो घरांचे आणि हजारो कारखान्यांचे पाणी एकत्र होते, त्याचा हेतू कोणता सांगणार?

१०/ नद्या बदलण्याची सुरुवात कारखान्यांच्याही आधी झाली होती. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, तर भिराचे १९२७ मध्ये. लोणावळ्याजवळचे वळवण, आंध्रा नदीवरचे ठोकरवाडी, मुळेवरचे मुळशी : पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून पश्चिमेला कोकणात सोडले जाऊ लागले. सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहात माणसांच्या जमिनींचा लढा होता. त्याच भिंतींनी माशांची वर चढण्याची वाटही अडली, याची बाजू मांडणारे तेव्हा कुणी नव्हते.

११/ मग आले कारखाने. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आणि त्यामागून वाहन उद्योग. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची. पुढे इंद्रायणीपलीकडे चाकणही उभे राहिले. या पट्ट्याने लाखो कुटुंबांना भाकरी दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नकाशा पाहा. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, आणि तो एकत्र प्रवाह पूर्वेकडे जातो. म्हणजे साइक्सला खुद्री जेथे मिळाला ती जागा दोन्ही महानगरांच्या खाली, दोहोंचे सांडपाणी पोहोचते तेथे आहे.

१२/ याच सुमारास वर, लोणावळ्यात, एक वेगळा प्रयत्न सुरू झाला. महाराष्ट्रातील ज्येष्ठ मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीरची अंडी आणि त्यांची सुरुवातीची वाढ यांचा अभ्यास केला होता. त्या ज्ञानाच्या आधारे १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपन्यांनी वळवण तलावाशी महसीरचे पैदास केंद्र चालवले. ज्या धरणांनी माशाची वाट अडवली, त्याच धरणाच्या काठी त्याचा पाळणा हलू लागला. इतिहास असा सरळ रेषेत चालत नसतो.

१३/ पैदाशीची रीत समजून घेण्याजोगी आहे. पावसाळ्यात पक्व झालेली मादी हळुवार धरून तिच्या पोटावरून हात फिरवीत अंडी परातीत घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि ती फलित अंडी वाहत्या, स्वच्छ पाण्याच्या तबकांत ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. महसीर अंडी तुलनेने कमी घालतो, म्हणून प्रत्येक खेप मोलाची. लोणावळ्याची ही बोटभर पिल्ले देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत पोहोचली. त्यांतली काही गेली कावेरीत.

१४/ कावेरीचे खोरे म्हणजे महसीरच्या शौकिनांची पंढरी. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर काठीने धरला; तो विक्रम आजही सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर हा खेळ विस्मृतीत गेला होता. १९७७ च्या सुमारास काही तरुण इंग्रज कावेरीकाठी आले, त्यांनी अवाढव्य महसीर धरले आणि जगाचे लक्ष पुन्हा वेधले. भीमेश्वरी, गालिबोरे येथे छावण्या उभ्या राहिल्या. नियम एकच : मासा धरा, तोला, नोंदवा आणि सोडा. जाळे टाकणारे काही स्थानिक लोक तेथे वाटाडे आणि राखणदार झाले.

१५/ त्या छावण्यांच्या नोंदवह्या पुढे इतिहासाचे साधन ठरल्या. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासून संशोधकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. एकूण मासे वाढले होते, पण वाढ होती ती बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीरची, म्हणजे आपल्या खुद्रीची. कावेरीचा मूळ रहिवासी, नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला अजस्र महसीर जवळजवळ नाहीसा झाला होता. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंग हे घटक होतेच. पण सद्भावनेने सोडलेला पाहुणाही घरमालकाला जड गेला.

१६/ त्या घरमालकाला तर धड नावही नव्हते. साइक्सनेच वर्णिलेल्या 'मुसुल्ला' या दख्खनी माशाचे नाव कैक वर्षे त्याला चिकटवले गेले होते. मुसुल्ला हा मुळी महसीरच नव्हे, हे नंतर सिद्ध झाले. २०१८ मध्ये कावेरीच्या कुबडधारी माशाची ओळख 'टोर रेमादेवी' अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. साइक्सने पाहिलेला खुद्रीचा मूळ नमुनाही आज कुठल्या संग्रहालयात असल्याचे ज्ञात नाही. उरले आहे ते वर्णन, आणि नाव.

१७/ खुद्रीचे पुढे काय झाले? आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत २०११ मध्ये तो 'संकटग्रस्त' होता. २०२० मध्ये त्याची नोंद 'किमान चिंता' या वर्गात झाली. जातीपुरते पाहिले तर ही आनंदाची बातमी आहे, आणि तिच्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. मात्र ज्या मुळा-मुठेने त्याला नाव दिले, तेथील माशांच्या जाती घटत गेल्याचे पुण्यातील प्राणिशास्त्रज्ञ गेली काही दशके नोंदवीत आहेत. देहूच्या डोहाकाठी मासे मरून तरंगल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. जात वाचली, कारण तिला उचलून दुसरीकडे नेता आले. नदीला उचलून कुठे नेणार?

१८/ महसीरच्या या इतिहासातून मला एकच गोष्ट प्रकर्षाने जाणवते. राजाचा विनोद, भाविकाचे अभय, साहेबाची काठी आणि शास्त्रज्ञाचे तबक, या चौघांनीही आपापल्या परीने माशाला जपले. आणि त्या चौघांनीही पाणी वाहते राहील, स्वच्छ राहील, हे गृहीत धरले होते. तबकात मासा जन्माला घालता येतो. तो सोडावा असे पात्र तबकात तयार होत नाही.

१९/ दुसरी गोष्ट साधनांची. कावेरीत काय घडले ते कळले, कारण तेथे कुणीतरी वहीत लिहीत होते. आपल्याकडे साइक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझर याने 'पुण्याचे मासे' या विषयावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. अशा मोजक्या अभ्यासकांखेरीज पवना-इंद्रायणीचा हिशेब फारसा कुणी ठेवला नाही. तो हिशेब आता केवळ वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि ही साधने दरवर्षी कमी होत आहेत.

२०/ म्हणून ही विनंती. चिखली, मोशी, देहू, तळवडे, रावेत, चिंचवड, दापोडी या नदीकाठच्या गावांत तुमचे आजोळ असेल, तर घरातल्या ज्येष्ठांना विचारा : खडशी पाहिली होती का? कोणत्या डोहात? केवढी? शेवटची कधी? गावात भोई आळी असेल तर तेथेही जा. मिळेल ते तारीख-स्थळासह लिहून ठेवा, शक्य असल्यास येथेही लिहा. ज्यांनी साइक्सला 'खुद्री' हा शब्द सांगितला त्यांची नावे आपण गमावली. या वेळी सांगणाऱ्याच्या परवानगीने त्याचेही नाव लिहू या.