घरगुती फिल्म प्रोजेक्टर, जपानमधील
८, ९.५ व १६ मिमी फिल्म दाखविणारी जुनी यंत्रे. आज ती दुरुस्त करून, क्वचित त्यांत बदल करून विकली जातात. नागोयाच्या एल्मो कंपनीने (स्थापना १९२१) १९२७ मध्ये जपानी बनावटीचा १६ मिमी प्रोजेक्टर काढला. १९६५ मध्ये फुजीची ‘सिंगल-८’ पद्धत आली. तिची फिल्म कोडॅकच्या सुपर ८ प्रोजेक्टरवरही चालते. मात्र ती पॉलिएस्टरची असल्याने फिल्म-सिमेंटने जुळत नाही, चिकटपट्टीच लागते.

दुरुस्तीतला खरा वैताग रबराचा. जुने पट्टे चिकट होऊन पुलीला लिंपले जातात, ते खरवडून काढावे लागतात. घट्ट झालेले वंगण त्यामानाने सोपे. हॅलोजनऐवजी एलईडी बसविल्यास फिल्मला उष्णता कमी लागते. फिल्म डिजिटल करताना लुकलुक टाळण्यासाठी वेग किंवा शटरही बदलतात.

जपानची वीज १०० व्होल्टची, पूर्वेला ५० व पश्चिमेला ६० हर्ट्झ. त्यामुळे काही मोटरींचा वेग प्रदेशागणिक बदलतो; यंत्र किती हर्ट्झचे आहे, हे ग्राहकाने आधी विचारावे. भारतात ट्रान्सफॉर्मर हवाच. जपानमध्ये जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला १९४९ च्या कायद्यानुसार पोलिसांमार्फत परवाना घ्यावा लागतो. फुजीने २०१३ मध्ये सिंगल-८ चे डेव्हलपिंग थांबविले. घरोघरच्या जुन्या रिळांमुळे प्रोजेक्टरची मागणी मात्र टिकून आहे.