संस्था माणसावर चालते की नियमावर?

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आपण पटकन संस्थापकाचं चरित्र लिहायला लागतो. 'दूरदृष्टी होती म्हणून यश मिळालं' हे वाक्य ऐकायला छान, पण ते तपासणार कसं? नियम मात्र तपासता येतात. पैसा कशाच्या आधारावर दिला जातो? नफ्यात वाटा कोणाला? दोन उदाहरणं बघा.

पहिलं बुलढाण्याचं. शहराजवळच्या देऊळघाटसारख्या गावांत सोयाबीन सगळ्यांचं एकदमच निघतं. भाव पडतो, पण घरात पैशाची निकड असते, म्हणून माल पडत्या भावात द्यावा लागतो. 1986 मध्ये राधेश्याम चांडक यांनी 'बुलडाणा अर्बन' पतसंस्था सुरू केली तेव्हा सभासद होते 72 आणि भांडवल 12,000 रुपये. पुढे संस्थेने गोदामं उभी केली. माल गोदामात ठेवा, पावती घ्या, त्यावर कर्ज उचला, भाव चढला की विका. इथे कर्जाचा आधार मोजलेला माल आहे. म्हणून हीच पद्धत दुसऱ्या गावात, दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखालीही चालू शकते.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. पतसंस्था कर्ज देते. प्रायव्हेट इक्विटी फर्म लोकांचा पैसा जमवून कंपन्यांत मालकीचा हिस्सा घेते आणि काही वर्षांनी तो विकते. या धंद्याच्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक म्हणजे 1946 मध्ये बोस्टनला निघालेली 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट'. तिचे प्रमुख जॉर्ज डोरिओ. 1957 मध्ये तिने डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत 70,000 डॉलर घातले. त्या हिश्श्याची किंमत पुढे 35 कोटी डॉलरच्या वर गेली. तरी तिथली चांगली माणसं टिकली नाहीत. कारण साधं होतं: गुंतवणूक निवडणाऱ्यांना पगार मिळायचा, नफ्यात वाटा नाही. बिल एल्फर्स 1965 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारी पद्धतीवर 'ग्रेलॉक' काढली, जिथे हा वाटा मिळत होता. ग्रेलॉक आजही आहे. जुनी संस्था 1972 मध्ये टेक्स्ट्रॉनमध्ये विलीन झाली.

माणूस तोच, धंदा तोच, बदलला तो वाटणीचा नियम. सायन्सवाल्यांना यात कंट्रोल्ड एक्सपेरिमेंटचा भास होईल. तो पूर्ण खरा नाही, कारण काळ आणि बाजारही बदलत होते. पण प्रश्न तरी नीट मांडता येतो. ज्याला आपण 'कल्चर' म्हणतो, ती बऱ्याचदा अशा नियमांतूनच लागलेली सवय असते.

तेव्हा तुम्ही एखाद्या संस्थेवर काम करणार असाल, तर गौरव-स्मरणिका नंतर वाचा. आधी उपविधी, वार्षिक अहवाल आणि सभांची इतिवृत्तं मागा. कोणता नियम कधी बदलला याचा तक्ता करा. मग विचारा, त्याच वर्षी का बदलला? संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.