खांद्यात कॅल्शियम साठणे: शस्त्रक्रियेशिवाय कोणते उपचार आहेत?

रात्री कुशीवर झोपता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही आणि एक्स-रेमध्ये खांद्याच्या स्नायुबंधात (टेंडनमध्ये) कॅल्शियम दिसते. या आजाराला कॅल्सिफिक टेंडिनायटिस म्हणतात. तो बहुधा ३० ते ६० या वयात, स्त्रियांमध्ये थोडा जास्त आढळतो.

हे कॅल्शियम दुधामुळे किंवा गोळ्यांमुळे साठत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अनेकदा शरीर हा साठा हळूहळू शोषून घेते. गंमत म्हणजे, तो विरघळत असतानाच वेदना सर्वाधिक असतात.

वेदनाशामक गोळ्या आणि बर्फाचा शेक: सुरुवात इथूनच होते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

फिजिओथेरपी: व्यायामाने कॅल्शियम विरघळत नाही, पण खांदा आखडत नाही आणि ताकद टिकते. तीव्र वेदना कमी झाल्यावर व्यायाम वाढवावा.

स्टेरॉइडचे इंजेक्शन: काही आठवडे चांगला आराम मिळतो. मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते. इंजेक्शन वारंवार घेऊ नये.

शॉकवेव्ह: बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देतात. साधारण आठवड्याच्या अंतराने काही बैठका लागतात. जास्त ऊर्जेचे उपचार अधिक उपयुक्त दिसले आहेत, पण ते दुखतात. गर्भवतींनी आणि रक्तस्रावाचा आजार असणाऱ्यांनी टाळावे.

सोनोग्राफीखाली सुईने साठा धुणे: जागा बधिर करून सुईने कॅल्शियम फोडून बाहेर काढतात. बहुधा एकदाच करावे लागते. नंतर काही दिवस दुखू शकते.

मग निवड कशी करावी?

नॉर्वे आणि स्वीडनमधील २२० रुग्णांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुईने धुणे व स्टेरॉइड, फक्त स्टेरॉइड आणि लुटुपुटीचा उपचार अशा तीन गटांची तुलना केली. स्टेरॉइड मिळालेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत जास्त आराम पडला, पण चार महिन्यांनी तिन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. म्हणून घाईने महागडा उपचार घेऊ नका. साधे उपचार काही महिने नीट करून पाहा. तरीही त्रास राहिला, तर शॉकवेव्ह किंवा सुईच्या उपचाराबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.

लगेच डॉक्टरांकडे जा: ताप येऊन खांदा लाल व गरम झाल्यास किंवा पडल्यानंतर हात उचलता येत नसल्यास. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तातडीने रुग्णालय गाठा.