जुन्या संगणकांचे जतन आणि हीटसिंक : एक अभ्यास

प्रस्तावना : इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी व दप्तरे डोळ्यांसमोर येतात. धाराशिव जिल्ह्यात तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने सातवाहनकालीन मृण्मूर्ती जपल्या आहेत. विसाव्या शतकातील संगणक मात्र भंगारात जातात. वस्तुतः तेही इतिहासाचे साधनच होय.

विवेचन : शालेय संगणक साक्षरतेसाठी केंद्र शासनाने १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. त्यासाठी इंग्लंडच्या ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडण्यात आला. त्याच्या सुरुवातीच्या बोर्डांवर पडद्यावरील चित्र घडविणारी फेरांटी कंपनीची चिप फार तापत असे. म्हणून तिच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, बसविला जाई. ही चिप खास याच यंत्रासाठी बनविलेली होती आणि फेरांटी १९९३ मध्ये बुडाली. आज पर्यायी बोर्ड बसविता येतो, परंतु त्यामुळे मूळ पुरावा यंत्राबाहेर जातो.

वारंवार तापण्या-निवण्याने चिपच्या आतील जोडण्यांवर ताण येतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जात असल्याने येथे हा धोका अधिक संभवतो. हीटसिंक बिघडलेली चिप दुरुस्त करीत नाही. चालू चिपचे तापमान तेवढे घटविते. ते पक्क्या गोंदाऐवजी उष्णतावाहक चिकटपट्टीने लावावे आणि शेजारील पायांना टेकू देऊ नये.

निष्कर्ष : केलेला उपाय मूळ वस्तूस इजा न होता काढता यावा, हे मृण्मूर्तींच्या जतनातील तत्त्व चिपलाही लागू पडते. महाविद्यालयांनी जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची नोंद करणे आवश्यक आहे.