अण्णासाहेबांनी पाहिलेला ऑपेरा

मराठी रंगभूमीच्या इतिहासात काही रात्री अशा आहेत, की त्यांच्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते. त्यांचे परिणाम मात्र पुढची शंभर वर्षे दिसत राहतात. १८८० साली पुण्यात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पारशी नाटक मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला, ती अशीच एक रात्र. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत या घटनेच्या वाट्याला बहुधा एखादेच वाक्य येते : पारशी मंडळीचा 'ऑपेरा' पाहून अण्णासाहेबांना तसा खेळ मराठीत करण्याची प्रेरणा झाली आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. पदव्युत्तर वर्गांना मीही हे वाक्य वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि आपण 'सौभद्रा'कडे वळतो. परंतु या वाक्यातल्या 'ऑपेरा' या शब्दापाशी क्षणभर थांबायला हवे. अण्णासाहेबांनी त्या रात्री नेमके काय पाहिले असेल?

व्हेनिस वा मिलानमधल्या प्रेक्षकाला ज्याची सवय होती, ते त्यांनी पाहिले नव्हते, एवढे तर उघडच आहे. 'इंद्रसभा' ही लखनौच्या आगा हसन अमानत यांची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेली उर्दू कृती. इंद्राचा दरबार, त्यातल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या पऱ्या, आणि सब्जपरीचे गुलफाम नावाच्या मर्त्य राजपुत्रावर जडलेले प्रेम, असे तिचे कथानक. गझल, ठुमरी, होरी असे गानप्रकार तिच्यात एकापाठोपाठ येतात. नवाब वाजिद अली शाहच्या काळातल्या लखनौची ही निर्मिती पुढे मुंबईच्या पारशी कंपन्यांच्या हाती आली. रंगवलेले पडदे, भरजरी पोशाख आणि यांत्रिक करामती यांनी त्यांनी ती सजवली. मुंबईत युरोपीय नाटक-ऑपेरा कंपन्यांचे दौरे होत असत, आणि १८४६ साली उभ्या राहिलेल्या ग्रँट रोड थिएटरपासून ते बोरीबंदरजवळ १८७९ साली सुरू झालेल्या गेइटीपर्यंत पाश्चात्त्य धर्तीची नाट्यगृहेही शहरात आली होती. त्या वातावरणात, जे गाण्यातून सांगितले जाते ते 'ऑपेरा', असा एक सैल अर्थ या शब्दाला चिकटला आणि पारशी मंडळींनी तो आपल्या गीतप्रधान खेळांना लावला. म्हणजे अण्णासाहेबांसमोर आला तो लखनौचा देह, मुंबईचा पोशाख आणि इटलीचे नाव असा एक पाहुणा.

ही अस्सल वस्तूची नक्कल, तिचीही पुन्हा नक्कल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कारण खुद्द ऑपेऱ्याचा जन्मही अशाच एका ऐकीव गोष्टीतून झालेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील काही विद्वान आणि संगीतज्ञ अशा निष्कर्षाला आले होते, की प्राचीन ग्रीक शोकनाट्ये गायली जात असत. ते गायन कसे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही त्या हरवलेल्या कलेचे पुनरुज्जीवन करायचे म्हणून याकोपो पेरी याने १५९८च्या सुमारास 'दाफ्ने' रचला. १६०७ साली मोन्तेवेर्दीचा 'ओर्फेओ' आला, १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पहिले ऑपेरागृह उघडले, आणि गाऊन नाटक करण्याची ही रीत युरोपभर पसरली. त्या मंडळींना ग्रीक नाटक हवे होते. हाती आला तो ऑपेरा.

अण्णासाहेबांच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. गाण्याने भरलेला खेळ मराठीत करायचा असे ठरवल्यावर त्यांनी पऱ्यांची गोष्ट घेतली नाही. ते थेट कालिदासाकडे गेले. एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित मराठी माणसाला ग्रीकांच्या तोडीचे जे आपल्याकडे आहे असे अभिमानाने वाटत होते, त्याच्याकडेच ते गेले. 'शाकुंतला'तल्या श्लोकांची त्यांनी पदे केली. सगळ्या नाटकात मिळून ती दोनशेच्या आसपास भरतात. या पदांसाठी साकी, दिंडी, अंजनीगीत ही कीर्तनकारांच्या आणि पंडित कवींच्या परंपरेतली वृत्ते त्यांना हाताशी होती. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या या माणसाच्या कानात कर्नाटकी चालीही होत्या. पारशी खेळाने त्यांना चाली दिल्या नाहीत. पात्राने स्वतः गावे आणि लोकांनी ते ऐकण्यासाठी रात्र काढावी, हे मराठीतही शक्य आहे, असा धीर मात्र दिला.

'पात्राने स्वतः गावे' ही गोष्ट आज आपल्याला किरकोळ वाटते. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासूनच्या खेळांत पदे म्हणण्याचे काम प्रामुख्याने सूत्रधाराचे असे. सूत्रधार गाई, पात्रे त्यानुसार हावभाव करीत आणि मग आयत्या वेळी सुचेल तसे गद्य बोलत. गाणे हे कथा सांगणाऱ्याचे होते, कथेतल्या माणसाचे नव्हते. सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी १८७९ साली 'नल-दमयंती' हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले होते, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ही रीत पक्की झाली ती किर्लोस्करांमुळे. 'शाकुंतला'त मोरोबा वाघुलीकरांचा दुष्यंत आपले मन आपल्याच गळ्यातून सांगू लागला. फ्लॉरेन्सच्या मंडळींनी जो ध्यास घेतला होता, तो याहून फार वेगळा नव्हता.

ऑपेरा पहिल्यांदा पाहून स्वतःच्या भाषेत वेगळेच काही निर्माण करणारे अण्णासाहेब एकटे नव्हेत. गोव्याहून पोटासाठी मुंबईत आलेल्या लुकाझिन रिबेरो यांची गोष्ट कोकणी रंगभूमीच्या इतिहासात अशीच सांगितली जाते. त्यांनी मुंबईत एका इटालियन कंपनीचा खेळ पाहिला, पुढे त्या कंपनीत काम मिळवले, आणि १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' हा कोकणी खेळ केला. तो पहिला तियात्र मानला जातो. तियात्राने ऑपेऱ्यापासून फारच दूरची वाट धरली. त्यात कथानकाच्या प्रवेशांमध्ये कथानकाशी संबंध नसलेली 'कांतारां' येतात आणि चालू राजकारणावर टोलेही हाणले जातात. बारा वर्षांच्या अंतराने दोन माणसे 'ऑपेरा' म्हणून काहीतरी पाहतात. एकाच्या हातून संगीत नाटक होते, दुसऱ्याच्या हातून तियात्र. पहिल्याने कालिदास घेतला. दुसऱ्याच्या परंपरेत मुंबईच्या कुडांत राहणारा खलाशी आणि स्वयंपाकी बोलू लागला. प्रेक्षक कोण होता, यावरच पुढची वाट ठरली.

आता नेहमीचा प्रश्न : संगीत नाटक म्हणजे मराठी ऑपेरा काय? गौरव म्हणून हे विधान पुष्कळदा केले जाते. ऑपेरा संपूर्ण गायला जातो, संगीत नाटकात गद्य असते, म्हणून ते ऑपेरा नव्हे, असे त्याला उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये (१७९१) गद्य संवाद आहेत. बिझेचा 'कार्मेन' (१८७५) मुळात गद्य संवादांसहच रंगला. खरा भेद मला वाटतो तो निराळा आहे, आणि तो नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग पाहताना माझ्या ध्यानात आला. व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' आपण व्हेर्दीचा म्हणतो. त्याची संहिता लिहिणाऱ्या पियावेचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाच्या ओठी नसते. 'सौभद्र' मात्र किर्लोस्करांचे, 'शारदा' देवलांची, 'स्वयंवर' खाडिलकरांचे. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'ला (१९११) आणि भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'ला (१९१६) चाली दिल्या, तरी नाटकाची मालकी लेखकाकडेच राहिली. आणि प्रयोगाच्या रात्री ती गायकाकडे जाई. बालगंधर्व एखादे पद आज जसे गायले तसे उद्या गातीलच असे नव्हते. व्हेर्दीच्या गायिकेला स्वर लिहून दिलेला असतो. आपल्या नटाला चाल दिलेली असे, आणि तिचा विस्तार त्याने श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून करायचा असे. 'वन्स मोअर' ही त्या व्यवहारातली पावती होती. तिकडेही 'बिस'ची ओरड होत असे. पण तोस्कानिनीसारख्या संगीतसंचालकाने तिला कडाडून विरोध केला, कारण त्याच्या लेखी कृती पूर्ण होती आणि ती तोडणे हा अपराध होता.

युरोपात किर्लोस्करांचा जवळचा नातलग शोधायचाच असेल, तर तो व्हेर्दी नव्हे. तो जॉन गे. त्याच्या १७२८च्या 'बेगर्स ऑपेरा'मध्ये लोकांच्या तोंडी असलेल्या प्रचलित चालींवर नवी पदे बांधली होती आणि मधे गद्य संवाद होते. इटालियन ऑपेऱ्याची थट्टाही त्यात होती. त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्तने कुर्ट वाइलच्या संगीतासह १९२८ साली 'थ्री पेनी ऑपेरा' केला, आणि पु. ल. देशपांड्यांनी तो मराठीत आणला. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अॅकॅडमीने १९७८ साली त्याचा प्रयोग केला. पुलंनी शीर्षकात 'ऑपेरा' ठेवला नाही. 'तीन पैशाचा तमाशा' असे नाव दिले. मंगेश पाडगावकरांच्या 'बिल्हण' या आकाशवाणीवरील संगीतिकेला ज्याने संगीत दिले, त्या माणसाला ऑपेरा ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? पण कोणत्या शब्दाने मराठी प्रेक्षकाच्या मनात काय जागे होते, याची त्यांना अचूक जाण होती. १८८० साली 'संगीत' हे विशेषण नाटकाच्या नावाआधी लावणाऱ्या अण्णासाहेबांनाही ती होती.

मुंबईत ऑपेऱ्याच्या नावाची एक इमारतही आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाउस थोड्याच दशकांत चित्रपटगृह झाले, १९९३ साली बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. तिथल्या रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गाऊन गेले. साहेबाने आपल्या करमणुकीसाठी बांधलेल्या वास्तूत मराठी पदे घुमली, यात काव्यगत न्याय आहे असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण मला आज अधिक काळजी वाटते ती खाडीच्या अलीकडची.

वाशीला महापालिकेचे नाट्यगृह आहे. त्याला विष्णुदास भाव्यांचे नाव दिलेले आहे. नेरुळ, ऐरोली, कोपरखैरण्याहून आमच्या वर्गात येणारी मुले त्या दारावरून रोज जातात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऑपेरा पाहिलेला नाही, याचे मला दुःख नाही. त्यांनी संगीत नाटकही पाहिलेले नाही. 'ला त्राव्हियाता'त क्षयाने मरणारी व्हियोलेता अखेरपर्यंत गाते, हे एका विद्यार्थिनीला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मरताना कोण गातं, सर?" मी तिला 'एकच प्याला'तल्या सिंधूकडे नेले. दारिद्र्याने गांजलेली सिंधू पदे गाते, याचे १९१९ सालच्या प्रेक्षकाला नवल वाटले नाही. तिला दोघींचेही सारखेच वाटले. व्हेनिस आणि बडोदे तिच्यापासून आता सारख्याच अंतरावर आहेत. आणि याच मुलींपैकी कितीतरी जणींच्या घरी, आगरी लग्नांत, धवलारीण लग्नाचा एकेक विधी गाण्यातून लावत आली आहे. गाऊन सांगितलेले खरे असू शकते, हे त्यांच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

कलाप्रकार ओळखीचा असला की आपण त्याची रीत विसरून त्यातले माणूस पाहतो. अनोळखी झाला की रीतच तेवढी दिसते, आणि ती हास्यास्पद वाटते. १८८० साली पुण्यातल्या त्या खेळाला बसलेल्या कित्येकांना पऱ्यांचे पंख आणि भडक पडदेच दिसले असतील. बेळगावहून बदलून आलेल्या एका सरकारी नोकराला त्यापलीकडचे काही दिसले, आणि साधारण पाच वर्षांनी, १८८५ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो गेला तेव्हा 'शाकुंतल', 'सौभद्र' आणि 'रामराज्यवियोग' मागे ठेवून गेला. परक्या खेळाला पहिल्यांदा जाणाऱ्याकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. पण आपल्या मुलांना कोणत्याच खेळाची पहिली रात्र मिळू नये, ही अवस्था मात्र आपण निर्माण केलेली आहे. ऑपेरा की संगीत नाटक हा वाद त्यानंतरचा. आधी त्यांना एका अंधाऱ्या प्रेक्षागृहात, गाणाऱ्या माणसासमोर नेऊन बसवले पाहिजे.