विंचू, डॉक्टर आणि केसपेपर

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला विंचू काही नवा नाही. पेंढा उपसताना, लाकडं काढताना, अंधारात अनवाणी चालताना नांगी बसते. त्यातही लाल विंचू फार वाईट. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव 1981 चं. त्या काळी या विंचवाच्या दंशाने दवाखान्यात आलेल्या 100 रोग्यांपैकी 30 ते 40 दगावत.

बावस्करांनी काय केलं? रोग्याच्या उशाशी बसले आणि टिपून ठेवलं. उलट्या कधी, घाम किती, हातपाय केव्हा गार पडले, नाडी नि रक्तदाब किती, छातीत पाणी कधी भरलं. या टिपणांतूनच उमगलं की विष हृदयावर घाला घालतं, फुप्फुसांत पाणी होतं आणि माणूस त्यात जातो. 1982 साली ही लक्षणं लंडनच्या 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसीन ही रक्तदाबावरची गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता समजा, असाच एखादा रोगी दगावला आणि कागदावर एवढंच लिहिलं, 'हृदय बंद पडले'. खोटं नाही हो ते! पण हृदय कुणाचं बंद पडत नाही मरताना? मृत्यूच्या कारणांची जगाला सामाईक यादी 1893 साली फ्रान्सच्या बर्तियाँ यांनी मांडली. तिचाच वंश आजही चालू आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत हृदय निकामी होण्याला 'आय 50' आणि विंचवाला 'एक्स 22' असा अंक आहे. कागदावर विंचू नसला तर तालुक्याच्या हिशेबातही विंचू नाही. मग औषधाचा साठा कुणी कशाच्या आधारावर मागायचा?

आपल्याकडे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून देण्याची तरतूद आहे. त्या दाखल्यावर ओळी एकाखाली एक असतात: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि तेही मुळात कशामुळे. खालची ओळ कोरी राहिली, की मोठ्या रुग्णालयांत अंक घालणारा कारकून डॉक्टरांना लेखी विचारतो. मास्तरांना हे सहज पटेल, कारण विचारण्यातच खरी मेख आहे. 'विंचूच चावला होता ना?' असं विचारलं, तर उत्तर आपणच पढवल्यासारखं होतं. 'केसपेपरवर उलट्या, घाम आणि पायावर दंशाची खूण अशी नोंद आहे. हृदय निकामी होण्याचं मूळ कारण काय, ते कृपया लिहावे' असं विचारावं. डॉक्टरांना घाई असते, पाठीमागे रांग असते, चिडतातही कधी कधी. तरी विचारावंच. आणि उत्तर आलं म्हणजे जुनी ओळ खोडायची नाही. तिच्याखाली तारीख, वेळ घालून नवी नोंद करायची आणि डॉक्टरांची सही घ्यायची.